समुद्राकडे पाठ करून: गोव्यातल्या तळ्यांवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गोव्यात राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. नोकरी फोंड्याजवळ, गाव मिरजेकडचं. पहिली दोन वर्षं पाहुणे आले की बेत ठरलेला: कळंगुट, मंगेशी, पणजीत बोटीची फेरी, संपलं. एकदा मामेभावाला आणायला करमळी स्टेशनवर गेलो. गाडीची वेळ मीच चुकीची वाचली होती, त्यामुळे दीड तास हातात होता. पाय मोकळे करायला बाहेर पडलो तर समोर हे एवढं मोठं तळं. जानेवारीतली सकाळ होती. पाण्यावर तपकिरी थर दिसत होता, मला वाटलं शेवाळ असेल. तेवढ्यात मालगाडी धडधडत गेली आणि ते शेवाळ शिट्ट्या वाजवत आकाशात उडालं. ती अडई होती, शिट्टी घालणारं बदक, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी तळ्यांवर फिरतो. चुका पुष्कळ केल्या. स्कूटर गाळात रुतवली, गोचिडी अंगावर घेऊन घरी आलो, एका गावात शिव्याही खाल्ल्या, आणि त्या रास्त होत्या. नव्याने गोव्यात आलेल्यांनी आणि कोल्हापूर, बेळगावकडून दोन दिवसांसाठी येणाऱ्यांनी हे सगळं पुन्हा करायची गरज नाही, म्हणून लिहून काढतोय.

१. आधी शब्द समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या निम्म्या चुका इथेच झाल्या. आपल्याकडे साचलेलं पाणी दिसलं की आपण सरसकट तळं म्हणतो. इथे तसं चालत नाही.

तळें: गावाने बांध घालून अडवलेलं पाणी. करमळीचं तळं, सासष्टीत कुडतरीचं राय तळं, कुडचड्याचं नंदा तळं ही सगळी शेतीची तळी. पावसाचं पाणी अडवायचं आणि पुढे दार उघडून खालच्या शेतांना सोडायचं, अशी रीत. त्या दाराला इथे मानस म्हणतात. पावसाळ्यातल्या भाताला सरद आणि पावसाळ्यानंतर साठवलेल्या पाण्यावर घेतात त्या पिकाला वायंगण. म्हणजे तुम्ही ज्या पाण्याचे फोटो काढताय ते कुणाचं तरी वायंगण आहे. बऱ्याच ठिकाणी जमीन कोमुनिदादीची, म्हणजे जुन्या गावकरी संस्थेची असते. मानशीवर मासे धरायच्या हक्काचा लिलाव होतो. मी एकदा हौसेने गळ टाकून बसलो होतो. ज्याने लिलावात पैसे मोजले होते तो माणूस सायकलवरून आला. शिव्यांचा उल्लेख वर केलाय तो हाच प्रसंग.

तळी: ही देवळाची, पायऱ्या बांधलेली. मंगेशीला बघितली असेल. इथे सहल नसते. पाय धुवायचे की नाही तेही विचारून.

धरण: साळावली, अंजुणे, आमठाणे, चापोली, पंचवाडी. सरकारी जागा, पहारा असतो, आत कुठपर्यंत जायचं याचे नियम असतात. यातलं बरंचसं पाणी पिण्याचं आहे. दक्षिण गोव्याच्या नळाला येणारं बहुतेक पाणी साळावलीचं.

खाण: हे तळं नव्हे, कितीही सुंदर दिसलं तरी. डिचोली, सांगे, केपे भागात बंद पडलेल्या लोहखनिजाच्या खाणी आणि जागोजागी सोडून दिलेल्या चिऱ्यांच्या खाणी पाण्याने भरलेल्या आहेत. पाणी हिरवंनिळं, स्वच्छ, वर एक लाट नाही. पण काठ उभा कापलेला असतो. पहिलं पाऊल गुडघाभर, दुसरं डोक्यावर, आणि वर यायला धरायला काही नाही. दर पावसाळ्यात अशा जागी कुणीतरी बुडाल्याची बातमी येतेच, आणि जिल्हाधिकारी पोहायला मनाई करणारे आदेश काढतात. समाजमाध्यमांवर कुणी ‘गुप्त तळं’ म्हणून रीळ टाकलं असेल आणि काठाला लालभडक कडा दिसत असेल तर समजा, खाण आहे.

२. महिना बघा, मग तळं निवडा

गोव्यातलं तळं बारा महिने सारखं दिसत नाही. चुकीच्या महिन्यात गेलात तर चिखल आणि चार गुरं दिसतील आणि तुम्ही मला नावं ठेवाल.

जून ते सप्टेंबर: साळावली. सांग्याच्या पुढे हे धरण आहे. त्याचा सांडवा सरळ भिंतीवरून पडत नाही. जलाशयाच्या कडेला गोल तोंडाची विहीर असावी तसं बांधकाम आहे आणि धरण भरलं की चहूबाजूंनी पाणी आत कोसळतं. बहुतेक वर्षी जुलैत धरण भरतं. भरल्याची बातमी वर्तमानपत्रात येते, तोवर थांबा. खाली बाग आहे, तिकीट आहे, लहान मुलांना घेऊन जायला ही जागा सगळ्यात सोपी. रविवारी मात्र गर्दी आवरत नाही. अंजुणे धरण चोर्ला घाटाच्या रस्त्यावरून दिसतं. बेळगावहून येणाऱ्यांना ते वाटेतच पडतं. धुकं असेल तर काही दिसणार नाही, तेव्हा घाटात गाडी लावून वाट बघत बसू नका. वळणावर गाडी लावणारे लोक बघून माझा जीव जातो.

ऑक्टोबर, नोव्हेंबर: तळी काठोकाठ असतात. कमळं आणि कुमुदिनी फुललेल्या असतात, त्यांच्या पानांवरून कमळपक्षी लांब बोटांची पावलं टाकत टाकत चालतात. कुडतरीला जायचे हे दिवस. मडगावपासून जवळ. तिथे सेंट आलेक्स चर्चच्या शेजारीच तळं आहे आणि पलीकडे भाताची शेतं. फार काही ‘करायचं’ नसतं. बसायचं.

मयेचं तळं डिचोली तालुक्यात, भोवती टेकड्या. इथे पायाने चालवायच्या बोटी असतात आणि २०१८ पासून जवळच्या टेकडीवर बंजी जंपिंगही. घरात वेगवेगळ्या वयाची माणसं असतील तर मये घ्या: आजीला बाक, मुलांना बोट, भाच्याला उडी. मला स्वतःला ते जरा जास्तच नीटनेटकं वाटतं, पण माझी आई दरवेळी तिथेच जाऊ म्हणते.

डिसेंबर ते फेब्रुवारी: पक्ष्यांचे महिने. करमळी आणि नंदा. नंदा तळं कुडचडे स्टेशनपासून फार दूर नाही. ४२ हेक्टरची ही पाणथळ जागा २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत आली, गोव्यातली पहिलीच. जागतिक यादी म्हटल्यावर मोठी कमान आणि तिकीटखिडकी असेल असं समजून मी गेलो होतो आणि तळं शोधत तळ्याच्याच कडेने दोन चकरा मारल्या. शेवटी एका बाईंनी ‘हेंच न्हय रे तें’ म्हणून हात केला. तळवार बदक म्हणा की तलवार बदक, लांब टोकदार शेपटीचं ते उत्तरेकडून हिवाळ्यात येतं. हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, उघड्या चोचीचा करकोचा हे सगळे दिसायला फार तपश्चर्या लागत नाही. सकाळी साडेसहाला पोहोचलात तर अर्धं काम झालं. दहानंतर उन्हात पक्षीही दमतात आणि आपणही.

एप्रिल अखेर ते पाऊस पडेपर्यंत: कुर्डी. याबद्दल थोडं जास्त लिहितो. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात कुर्डी गाव उठवलं गेलं, माणसं वालकिणी, वाडे भागात नेऊन वसवली. उन्हाळ्यात जलाशय आटला की गाव पुन्हा वर येतं. घरांची जोती, तुळशीवृंदावनं, विहिरी, रस्त्यांच्या रेघा. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या, त्यांच्या घराच्या भिंतींचे अवशेषही तिथे आहेत. गावातलं जुनं दगडी महादेव मंदिर मात्र बुडायच्या आधीच दगड दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलंय, ते वर्षभर बघता येतं. मे महिन्यात सोमेश्वराच्या उत्सवाला विस्थापित कुटुंबं गावात परत येतात. त्या दिवशी गेलात तर लग्नघरी परका माणूस वागतो तसं वागा. जोत्यांवर चढून फोटो काढू नका. मी एका जोत्यावर बसून डबा खात होतो. एक आजी आल्या, काही बोलल्या नाहीत, बाजूला उभ्या राहिल्या. मी विचारलं, बसायचंय का? म्हणाल्या, “नको बाबा, तू जेव. ही आमची सोप्याची पायरी.” डबा तसाच बंद केला.

कुर्डीतला सापळा म्हणजे गाळ. वरून तडे गेलेला, वाळून खडखडीत दिसतो. पाण्याच्या कडेला जाल तसा तडा बारीक होतो आणि रंग गडद. तिथे वरची पापडी दोन बोटांची असते आणि खाली खीर. गाडी कडक जमिनीवर, आधी आलेल्या चाकांच्या खुणा संपतात तिथेच ठेवा आणि पुढे चालत जा. स्कूटर काढायला मला चार माणसं आणि पाऊण तास लागला होता.

नेत्रावळीची बुडबुड्यांची तळी मात्र कधीही चालेल. गोपीनाथाच्या देवळापुढची ही तळी. तळातून सतत बुडबुडे वर येत असतात. टाळी वाजवली की वाढतात, असं गावात सांगतात. मला तरी टाळीने फरक पडलेला दिसला, पण मी टाळी वाजवायला गेलो होतो, मोजायला नव्हे.

३. जवळ काय ठेवायचं

कागदपत्रं: वाहन परवाना, गाडीची नोंदणी, विमा, पीयूसी (डिजिलॉकरमध्ये असतील तरी चालतात, पण सांग्याच्या पुढे नेटवर्क जातं, म्हणून आधीच उघडून ठेवा). सगळ्यांची ओळखपत्रं. नेत्रावळी अभयारण्य २११ चौरस किलोमीटरचं आहे. तिथे धबधब्याकडे किंवा जंगलात शिरायचं असेल तर वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते, प्रवेशशुल्क असतं, कॅमेऱ्याचे वेगळे पैसे लागू शकतात. सुटे पैसे ठेवा.

सामान: दुर्बीण (साधी ८ बाय ४० चालते, मोठी घेतली तर हात दुखतात), टोपी, पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, लांब पँट, पायमोजे, एक जुनी बेडशीट, कचऱ्यासाठी पिशवी, पावसाळ्यात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. आडव्या पडलेल्या पानांवर पाय देण्याआधी आपटायला एक काठी, सापासाठी. पक्षी ओळखायला मर्लिन नावाचं ॲप फुकट आहे, त्यातली भारताची यादी घरूनच उतरवून घ्या. नकाशाचंही तेच.

ड्रोन घरी ठेवा. धरणावर तर नकोच. बाटल्याही घरी ठेवा. गोव्यात दारू स्वस्त आहे म्हणून ती कुठेही प्यायला चालते असा एक समज घाटावरून येणाऱ्यांत आहे. पर्यटनस्थळी उघड्यावर पिणं, स्वयंपाक मांडणं, काचा टाकणं यावर दंड आहे. दंडाचं सोडा, त्याच काठावर उद्या सकाळी कुणीतरी अनवाणी लावणीला उतरणार असतं.

४. जायचं कसं

भाड्याची गाडी घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची, ‘मित्राची आहे’ म्हणून दिलेली स्कूटर नाक्यावर पकडली गेली की दिवस तिथेच संपतो. पेट्रोल सांगे, कुडचडे, वाळपई, साखळी अशा गावांतच भरून घ्या.

गाडी नसेल तरी अडत नाही. करमळी कोकण रेल्वेवर आहे. कुडचडे वास्को-कुळे मार्गावर, स्टेशनचं नाव सावर्डे-कुडचडे. बाकी ठिकाणी कदंब, म्हणजे सरकारी, किंवा खाजगी बस. बसमध्ये चढताना तिकिटाआधी एकच प्रश्न विचारा: परतीची शेवटची बस किती वाजता? आडगावात ती तुम्हाला वाटते त्याच्या बरीच आधी असते, आणि रविवारी त्याहून आधी. शेवटच्या टप्प्याला पायलट मिळतात. पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाल्याला इथे पायलट म्हणतात. भाडं बसण्याआधी ठरवा आणि परत न्यायला यायचं असेल तर वेळही.

५. गावात शिरल्यावर

गाडी शेताच्या वाटेवर लावू नका. ट्रॅक्टर अडला की अख्खा वाडा, म्हणजे वस्ती, बाहेर येतो. बांधावरून चालताना मधोमध चाला, कडा ढासळतात. मानशीच्या दारावर, फळ्यांवर उभं राहू नका आणि त्या हलवून तर अजिबात बघू नका. एक फळी सरकली की कुणाचं तरी शेत बुडतं.

मराठी सगळ्यांना कळते. उत्तर कोंकणीत येईल, तेही कळतं, फक्त कळल्यासारखं करू नका. माझं काय झालं ते सांगतो. आमठाण्याच्या धरणावर, तळ्यांवर फिरायला लागलो त्या पहिल्याच वर्षी, पाण्याच्या कडेने पुढे निघालो होतो. गुरं घेऊन बसलेले एक म्हातारे म्हणाले, “फुडें वचूं नाकात, मानगें आसा थंय.” मला वाटलं, मानगे नावाचे कुणी जागेचे मालक असणार, त्यांची परवानगी लागत असेल. अदबीने विचारलं, “मानगे राहतात कुठे?” म्हाताऱ्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि काठीने पाण्याकडे दाखवलं. 

मानगें म्हणजे मगर. फोंडा तालुक्यात दुर्भाटसारख्या गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मानगेथापणी म्हणतात त्याला. इतक्या जुन्या शेजाराला लोकांनी मान दिलाय, आपण निदान अंतर द्यावं. काठावर बसून हात धुणं, पाय सोडून बसणं, संध्याकाळी कुत्र्याला पाण्यावर नेणं, यातलं काहीही अनोळखी धरणावर करू नका. 

६. पाण्यात उतरायचं का?

नाही.

एवढ्यावर थांबलो असतो, पण ‘मला पोहता येतं’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. समुद्रकिनाऱ्यावर जीवरक्षक असतात, बहुतेक तळ्यांवर कुणीही नसतं. तळ गाळाचा, त्यात कमळाची दांडी पायात अडकते. शिवाय गुरं डुंबतात त्या पाण्यातून लेप्टो नावाच्या तापाचा संसर्ग होतो. पायाला साधी चीर असली तरी पुरते. बोट असेल तिथे जीवनरक्षक जॅकेट घालून बसा, गरम होतंय म्हणून काढून मांडीवर ठेवू नका. काही झालंच तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनला रेंज कुठे येते ते पोहोचल्या पोहोचल्या बघून ठेवा.

सत्तरीत, म्हणजे अंजुणे, केरी, वाळपई बाजूला, आणखी एक गोष्ट: माकडताप. २०१५ मध्ये तिथे साथ आली होती. गोचिडीतून पसरतो, जोर थंडीपासून पाऊस येईपर्यंत. पँट मोज्यात खोचा, पाचोळ्यावर बसू नका (बेडशीट त्यासाठीच), घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघा, कपडे गरम पाण्यात. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्यकेंद्राला कळवा. आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना ‘सत्तरीच्या जंगलात गेलो होतो’ हे वाक्य आधी सांगा. मी सांगितलं नव्हतं. निघालं काही नाही, पण चार दिवस घरच्यांच्या जिवाला घोर लावला.

७. पहिल्याच रविवारी कुठे?

करमळी, जानेवारीत. पणजीहून जुन्या गोव्याच्या पुढे, गाडीने अर्धा तास. साडेसहाला पोहोचा. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर पोंऽ पोंऽ करत वाड्यातून फिरत असतो, त्याच्याकडून गरम उंडे (गोल पाव) घ्या. फोटोसाठी रेल्वेरुळावर चढू नका. मालगाडीचा आवाज तळ्याकडून उलटा येतो, ती कुठल्या बाजूने येतेय ते कळत नाही. सूर्य पाठीशी येईल अशी जागा धरा आणि पहिली वीस मिनिटं दुर्बीण गळ्यातच राहू द्या. नुसत्या डोळ्यांनी बघितलं की पाणी कुठे हलतंय ते समजतं. मग दुर्बीण लावा. अडई कळपाने बसलेली असेल, तपकिरी, शेवाळासारखी. उडवायला दगड मारू नका. नऊच्या सुमाराला निघून रस्त्यावरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव आणि मिरची खा. उंडे उरले असतील तर तेही भाजीत चालतात.